उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा: गळती मोजावी कशी, शोधावी कुठे

सेल्फ मारताना पेट्रोलवर चालणारी लहान मोटार दीडशे ते दोनशे अँपिअर इतका मोठा प्रवाह ओढते. हा आकडा ऐकला की बॅटरीवरचा खरा ताण तिथेच पडत असावा, असे वाटते. प्रत्यक्षात इंजिन धड असेल तर हा प्रवाह जेमतेम सेकंदभर वाहतो, आणि दोनशे अँपिअर एक सेकंद वाहिले तर एकूण खर्च होतो ०.०५६ अँपिअर-तास. आता किल्ली काढून, कुलूप लावून उभी केलेली गाडी घ्या. तिच्यातून ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग, एवढाच प्रवाह वाहत राहिला तरी तेवढी वीज संपायला तासाभराहून थोडाच अधिक वेळ लागतो. एका रात्रीत, बारा तासांत, उभी गाडी दहा वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज काहीही न करता खर्च करते, आणि ही गाडी निर्दोष आहे. ५० मिलिअँपिअर ही साधारणपणे मान्य असलेली वरची मर्यादा आहे.

हा हिशेब आधी मांडण्याचे कारण असे, की उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याच्या बहुतेक तक्रारी या गुणाकारातच उलगडतात: किती प्रवाह, गुणिले किती तास, आणि मुळात बॅटरीत होते किती. या तीनपैकी एकही आकडा न मोजता बॅटरी बदलून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. नवी बॅटरी बसवली की गाडी सुरू होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि तीन आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा येते, कारण गळती असेल तर ती नव्या बॅटरीलाही होतेच. नवी बॅटरी भरलेली असल्यामुळे तिला उतरायला थोडे अधिक दिवस लागतात, एवढाच फरक.

बंद गाडी मुळात वीज का खाते, हे आधी पाहू. रिमोटची वाट पाहणारा दरवाजांचा कंट्रोलर, चोरीविरोधी यंत्रणा, घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची स्मृती आणि मोबाइल ॲपला जोडलेल्या गाड्यांत सिमकार्ड असलेले संपर्कयंत्र या सगळ्यांना किल्ली काढल्यावरही थोडा प्रवाह लागतो. निरोगी गाडीत हा सगळा मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअरच्या दरम्यान असतो. जुन्या, साध्या गाड्यांत त्याहूनही कमी. तो शून्य कधीच नसतो, त्यामुळे एखाद्याने टर्मिनल काढताना बारीक ठिणगी दाखवून ‘बघा, इथे शॉर्ट आहे’ असे सांगितले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता लहान गाडीत सर्रास असणारी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या आणि गळती ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात. निम्मी बॅटरी संपेपर्यंत गाडी सुरू होईल असे मानले तर चोवीस दिवस चिंता नाही. पण हीच बॅटरी चार वर्षांची झालेली असेल, आतल्या प्लेटा झिजून तिची खरी क्षमता २० अँपिअर-तासांवर आलेली असेल, आणि गाडी रोज घर ते भाजी मंडई एवढीच फिरत असल्याने ती जेमतेम सत्तर टक्के भरत असेल, तर तिच्यात उरतात १४ अँपिअर-तास. सेल्फ फिरायला त्यातले दहा शिल्लक राहावे लागत असतील, तर खर्चायला चारच मिळतात. तीच गाडी, तीच गळती, आणि सहाव्या दिवशी ती सुरू होत नाही. येथे बिघाड गळतीत नाही. म्हणूनच गळती शोधण्याआधी बॅटरी आणि चार्जिंग तपासणे हा क्रम मोडू नये. तो मोडला तर माणूस नसलेला चोर दिवसभर शोधत बसतो.

आधी बॅटरी, मग अल्टरनेटर

बॅटरी तपासण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो, मात्र वेळ योग्य हवी. गाडी नुकतीच चालून आलेली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज मीटरला फसवतो आणि खरे मोजमाप दिसत नाही. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचे, दार न उघडता किंवा उघडल्यावर दिवे विझेपर्यंत थांबून, टर्मिनलवर व्होल्टेज घ्यावे. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जवळजवळ पाव. आकडा ११.८ च्या आसपास असेल तर ती रिकामीच समजावी. येथे दशांश चिन्हापुढचा एकेक आकडा महत्त्वाचा आहे; ‘बारा व्होल्ट आहेत की, मग बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य गॅरेजात अनेकदा ऐकू येते आणि ते चूक आहे.

व्होल्टेज फक्त बॅटरी किती भरली आहे ते सांगते, ती किती टिकेल ते सांगत नाही. त्यासाठी ती पूर्ण भरून भाराखाली तपासावी लागते. घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी अशी, की एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहावे. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा तिच्या टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या केबलवर गंज आहे. बॅटरीवरच्या हिरव्या-काळ्या डोळ्यावर, म्हणजे चार्ज दाखवणाऱ्या छोट्या खिडकीवर, मात्र फार विसंबू नये. तो बॅटरीतल्या सहा सेलांपैकी (कप्प्यांपैकी) एकाचीच अवस्था दाखवतो, आणि मेलेला सेल दुसराच असू शकतो.

मग इंजिन सुरू करून तेच व्होल्टेज पुन्हा पाहावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, काम करत आहे. इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत हा आकडा हलता असतो आणि काही क्षण १३ च्या खालीही दिसू शकतो, म्हणून तेथे दिवे आणि पंखा लावून थोडा वेळ निरीक्षण करावे. गाडी चालूच आहे आणि व्होल्टेज सतत १२.५ च्या आसपास रेंगाळत आहे, असे दिसले तर प्रश्न उभ्या गाडीचा नाहीच. बॅटरी भरतच नव्हती.

चार्जिंगविषयी एक गैरसमज विशेष टिकून आहे. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या अनेकांनी दर आठवड्याला खाली जाऊन दहा मिनिटे जागेवर सुरू ठेवल्या, आणि तरीही बॅटऱ्या उतरल्या. जागेवर फिरणाऱ्या इंजिनाचा वेग कमी, म्हणून अल्टरनेटरची क्षमता कमी. त्यातून एसी आणि दिवे चालू असतील तर बॅटरीच्या वाट्याला फारसे उरत नाही. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा वीस टक्के भाग फार सावकाश, तासांच्या हिशेबात भरतो. दहा मिनिटांत तो भरत नाही, इंजिन कितीही घुमवले तरी.

बॅटरी भरलेली आणि सशक्त आहे, अल्टरनेटर चार्ज करतो आहे आणि तरीही गाडी चार-पाच दिवसांत उतरते, हे तिन्ही ठरले की मगच गळती मोजायला बसावे.

गळती मोजताना

या मोजणीत बहुतेकांचे चुकते ते मीटर वापरण्यात नव्हे, थांबण्यात. घराचे दार रात्री बंद झाले म्हणून घरातली सगळी माणसे त्या क्षणी झोपत नाहीत. कोणी पाणी प्यायला उठते, कोणी मोबाइल चाळत बसते, आणि निजानीज व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. गाडीचे तसेच आहे. किल्ली काढून कुलूप लावले की पहिल्या मिनिटाला प्रवाह काही अँपिअर असू शकतो. दिवे विझतात, काही कंट्रोलर झोपतात आणि तो एखाद्या अँपिअरवर येतो. मग काहीशे मिलिअँपिअरवर थबकतो, आणि वीस ते पंचेचाळीस मिनिटांनी, काही गाड्यांत त्याहूनही उशिरा, शेवटचा कंट्रोलर निजल्यावर २०-३० मिलिअँपिअरवर स्थिरावतो. पाचव्या मिनिटाला मीटर लावून ‘अर्धा अँपिअर गळती सापडली’ असे जाहीर करणारा माणूस जाग्या गाडीचे मोजमाप घेत असतो. आपल्या गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन हुशार नसतो असे नाही. त्याच्याकडे एका गाडीपाशी पाऊण तास स्वस्थ बसण्याची सवड नसते, आणि तेवढ्या वेळाचे पैसे द्यायला गिऱ्हाईकही तयार नसते.

म्हणून गाडीला झोपू देण्याची तयारी आधी करावी. बोनेट उघडे ठेवावे लागणार. काही गाड्यांत बोनेटला स्विच असतो, तो दाबून बांधून ठेवावा. ज्या दारातून फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचायचे आहे ते दार उघडे ठेवून त्याच्या कडेचे लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवावे, म्हणजे गाडीला दार लागले आहे असे वाटते. काम झाल्यावर दार लावण्यापूर्वी हँडल ओढून ते लॅच मोकळे करायला विसरू नये, नाहीतर बंद लॅच चौकटीवरच्या खिट्टीवर आपटून वाकते. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली काही मीटर लांब, शक्यतो घरात ठेवावी.

मीटर प्रवाहाच्या वाटेत घालायचा असतो, म्हणून तो बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि त्यावरची केबल यांच्यामध्ये येतो. ऋण बाजूच निवडण्यामागे कारण आहे. धन टर्मिनल सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर तो शॉर्ट सर्किट करतो, आणि चार्जिंगनंतर बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. काढताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, हा नियम कधीही मोडू नये. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी आणि निवडचक्र डीसी अँपिअरवर ठेवावे. मिलिअँपिअरच्या भोकात सुरुवात केली तर जागी गाडी आतला बारीक फ्यूज उडवते. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी बहुधा ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते, म्हणजे तेथे संरक्षण नाही. अशा वेळी वाटेत १० अँपिअरचा एक फ्यूज बाहेरून जोडून घेणे शहाणपणाचे आहे. मीटर वाटेत असताना सेल्फ मारणे तर दूरच, इग्निशनही चालू करू नये.

केबल काढून मग मीटर जोडला तर मधल्या क्षणी गाडीचा वीजपुरवठा तुटतो, सगळे कंट्रोलर नव्याने जागे होतात, आणि कधी कधी ज्या कंट्रोलरला न झोपण्याचा विकार जडला होता तो या झटक्याने तात्पुरता बरा होतो. मग मोजमाप निर्दोष येते आणि आठवड्याने गाडी पुन्हा बंद. हे टाळण्यासाठी मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण खुंटाला आणि दुसरी केबलच्या क्लॅम्पला आधी घट्ट जोडावी, आणि मग क्लॅम्प हलकेच खुंटावरून उचलावा. प्रवाह न तुटता मीटरमधून वाहू लागतो. डीसी मोजणारा, मिलिअँपिअरपर्यंत बारीक दाखवणारा क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर काहीच सोडवावे लागत नाही. घरगुती वायरिंगसाठी मिळणारा साधा क्लॅम्प मीटर मात्र फक्त एसी मोजतो. तो येथे शून्य दाखवेल आणि त्या शून्यावर विश्वास बसेल.

अनेक गॅरेजांत मीटरऐवजी केबल आणि खुंट यांच्यामध्ये बल्ब जोडतात आणि तो पेटला तर गळती आहे असे मानतात. अँपिअरभर गळती असेल तर ही युक्ती चालते. पण ८०-१०० मिलिअँपिअरची, दहा-पंधरा दिवसांत बॅटरी संपवणारी गळती त्या बल्बची तार लालही करत नाही.

कोणत्या वाटेने जाते

पाऊण तासानंतर मीटर ५० च्या आत स्थिरावला तर गळती नाही, आणि पुन्हा वापराच्या पद्धतीकडे वळावे लागते, त्याबद्दल पुढे. तो २००, ४०० किंवा ८०० वर अडकला असेल तर आता ती वाट शोधायची. रूढ पद्धत एकेक फ्यूज काढून मीटर खाली येतो का ते पाहण्याची आहे. जुन्या गाड्यांत ती उत्तम चालते. नव्या गाड्यांत तिचा दोष असा, की फ्यूज परत बसवताना त्यावरचा कंट्रोलर जागा होतो, तो इतरांना जागे करतो आणि पुन्हा पाऊण तास थांबावे लागते.

यावर एक सुंदर उपाय आहे, आणि तो त्या स्वस्त पिवळ्या मीटरनेही करता येतो. फ्यूज म्हणजे पातळ तार. तिला थोडा रोध असतो, म्हणून तिच्यातून प्रवाह वाहत असेल तर तिच्या दोन टोकांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज दिसते. पात्यासारख्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात ते याचसाठी. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोके त्या ठिपक्यांवर टेकवावीत, फ्यूज जागचा हलवू नये. लहान आकाराच्या १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सुमारे साडेसात मिलिओहम असतो, त्यामुळे ०.१ मिलिव्होल्ट दिसले तर जवळपास १३ मिलिअँपिअर, आणि ३ मिलिव्होल्ट दिसले तर ४०० मिलिअँपिअर वाहत आहेत. फ्यूज जितका मोठ्या क्षमतेचा तितका त्याचा रोध कमी, म्हणून त्याच ०.१ मिलिव्होल्टचा अर्थ तेथे अधिक प्रवाह असा होतो. ज्या फ्यूजवर शून्य आहे तो सोडून पुढे जायचे. बोनेटखालचा आणि डॅशबोर्डखालचा, असे दोन्ही फ्यूजबॉक्स दहा मिनिटांत तपासून होतात आणि गाडी झोपलेलीच राहते.

प्रवाह असलेला फ्यूज सापडला की झाकणावरच्या तक्त्यावरून त्यावर काय काय आहे ते कळते, आणि मग त्या वाटेवरचे एकेक उपकरण सोडवून पाहायचे. डिकीतला पाच वॅटचा दिवा हा नेहमीचा संशयित. स्विच बिघडला किंवा डिकीत कोंबलेल्या सामानाने दाबला गेला नाही, तर झाकण लागल्यावरही तो आत जळत राहतो आणि ते कोणालाच दिसत नाही. पाच वॅट म्हणजे ०.४२ अँपिअर, दिवसाला १० अँपिअर-तास. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळपर्यंत २५ अँपिअर-तास गमावते, म्हणजे लहान गाडीची बॅटरी संपली. हे पाहायला मीटरही लागत नाही. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवावा आणि झाकण लावावे. ग्लोव्हबॉक्समधला दिवा आणि सनव्हायझरच्या आरशाजवळचा दिवा यांनाही हाच न्याय.

माझ्या मते मात्र आपल्याकडच्या गाड्यांत पहिला संशय मागाहून बसवलेल्या वस्तूंवरच घ्यावा, कारण कंपनीने बसवलेली वायरिंग झोपण्याचा विचार करून आखलेली असते आणि ॲक्सेसरीच्या दुकानात दीड तासात केलेली बहुधा नसते. बाहेरून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमला प्रचलित रंगांप्रमाणे पिवळी वायर स्मृतीसाठी कायम वीज देते आणि लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते. बसवणाऱ्याने सोयीसाठी दोन्ही एकत्र पिवळीवर जोडल्या तर पडदा विझतो, पण आतले यंत्र आणि त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर जागेच राहतात. डॅशकॅमचा उभ्या गाडीवर पहारा ठेवणारा मोड रात्रभर काहीशे मिलिअँपिअर घेऊ शकतो. चांगल्या जोडणीत ठरावीक व्होल्टेजखाली तो बंद करणारा कट-ऑफ असतो, तो ११.८ वर ठेवलेला असेल तर बॅटरी रिकामी झाल्यावरच कॅमेरा थांबेल, म्हणून १२.४ च्या आसपास ठेवणे बरे. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे बिघाड तपासण्याचे यंत्र जोडायच्या जागी, खोचलेली ट्रॅकरसारखी उपकरणेही विसरली जातात. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर कायम बॅटरीची वीज असते, किल्ली असो वा नसो. फास्टॅगवर मात्र कोणी संशय घेऊ नये. त्यात बॅटरीही नाही आणि गाडीशी वायरही नाही. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो चालतो.

स्कूटर आणि मोटारसायकलींत हाच हिशेब लहान आकड्यांत होतो, पण अधिक निर्दय. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १० मिलिअँपिअर घेणारा ट्रॅकर लावला तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास, म्हणजे आठ दिवसांत निम्मी बॅटरी.

सगळे फ्यूज शून्य दाखवतात आणि मुख्य केबलमधून प्रवाह तर वाहतो आहे, अशी स्थिती आली तर अनेक जण हात टेकतात. अशा वेळी अल्टरनेटरकडे पाहावे. त्याची जाड केबल लहान फ्यूजमधून न जाता मोठ्या फ्यूज-लिंकमधून थेट बॅटरीला जाते. अल्टरनेटरमधले डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतात. त्यातला एखादा फुटला की उभ्या गाडीत बॅटरीची वीज उलट अल्टरनेटरमध्ये शिरते. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर निदान जवळपास झालेच. खात्रीसाठी आधी बॅटरीची ऋण केबल काढून, मग अल्टरनेटरची जाड केबल सोडवून तिचे टोक नीट गुंडाळावे आणि मोजणी पुन्हा करावी. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू होण्याआधी तापवणाऱ्या प्लगचा) रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चिकटला तर तोही याच वाटेवर असतो, पण तेव्हा गळती कित्येक अँपिअरची असते आणि बॅटरी दिवसांत नव्हे, तासांत संपते. कोणताही रिले चिकटल्याचा संशय आल्यास तो हाताला गरम लागतो का हे पाहणे ही जुनी पण खात्रीची खूण आहे.

पावसाळा या सगळ्यात आपली भर घालतो. काचेखालच्या जाळीत पाने अडकून पाण्याची वाट तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरते, गालिच्याखाली साचते आणि तेथून जाणारे वायरिंगचे जोड हिरवे पडतात. वरून गालिचा कोरडा दिसतो. उंदरांनी वायर कुरतडण्याचे प्रमाणही याच दिवसांत वाढते. बॅटरीच्या माथ्यावर ॲसिड, धूळ आणि ओल यांचा थर बसला तर वीज त्या थरातूनही झिरपते. मीटरचे काळे टोक ऋण खुंटावर ठेवून लाल टोक नुसते बॅटरीच्या प्लॅस्टिकवर फिरवावे. काही व्होल्ट दिसले तर तो थर आहेच. खायच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणांतून पाणी आत जाऊ न देता, तो पुसून कोरडा करावा. हे काम इतके क्षुल्लक आहे की ते कोणी करत नाही.

सर्वांत छळवादी प्रकार अधूनमधून होणाऱ्या गळतीचा. मोजताना गाडी शांत झोपते आणि रात्री दोनला कोणी पाहत नसताना जागी होते. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली भिंतीपलीकडच्या गाडीच्या टप्प्यात येत असेल तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. खुंटी बदलणे हा येथे पूर्ण इलाज आहे. ॲपवरून वारंवार गाडीची स्थिती विचारणे हेही तिला उठवणेच आहे. बाकीच्यांसाठी मीटर वाटेत ठेवून, त्याच्यासमोर मोबाइल उभा करून काही तासांचे चित्रण करावे आणि नंतर ते भरभर पुढे सरकवत आकडा कधी उडी मारतो ते पाहावे. ती वेळ आणि त्या वेळी गाडीत किंवा आसपास काय घडले, यांची सांगड बहुधा लागते.

गळती निर्दोष असूनही बॅटरी उतरत असेल तर कारण गाडी फार उभी राहणे हेच असते. अमेरिकेतल्या मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांच्या गाड्या याची ठळक उदाहरणे. ३० मिलिअँपिअरने चार महिन्यांत ८६ अँपिअर-तास जातात. एवढी क्षमता लहान गाडीच्या कोणत्याच बॅटरीची नसते. त्यात बॅटरी केबल काढून ठेवली तरी आपली आपण महिन्याला काही टक्के उतरत जाते, आणि दर दहा अंश तापमानवाढीला हा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याखाली उभी असलेली गाडी नाशिकच्या डिसेंबरपेक्षा कितीतरी लवकर थकते. एवढ्या काळासाठी ऋण केबल सोडवून ठेवणे, किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर बॅटरी भरल्यावर आपोआप मंदावणारा चार्जर लावून ठेवणे, हेच उपाय आहेत. केबल सोडवल्यास घड्याळ, रेडिओ आणि काचांचे आपोआप वर जाणे पुन्हा बसवावे लागते. काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही यातून सुटका नाही. त्यांच्यातही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, कारण मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच या लहान बॅटरीवरच चालतात.

गळती सापडून दूर झाली तरी काम संपत नाही. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत काही दिवस पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. जंपर केबलने सुरू करून ‘एक लांब चक्कर मारा, भरेल’ हा सल्ला अपुरा आहे. तासाभराच्या प्रवासात ती पूर्ण भरत नाही आणि अल्टरनेटर मात्र तापतो. बॅटरी चार्जरवर, ३-४ अँपिअरच्या सौम्य प्रवाहाने, दहा-बारा तास भरावी, मग केबल न जोडता रात्रभर ठेवावी आणि सकाळी मोजावी. १२.६ च्या जवळ टिकली आणि सेल्फ मारताना ९.६ च्या वर राहिली तर ती वाचली. न टिकली तर आता ती खुशाल बदलावी. स्टार्ट-स्टॉप असलेल्या, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, गाडीत मात्र त्याच प्रकारची, ईएफबी किंवा एजीएम (वारंवार सेल्फ मारणे सोसणारे खास प्रकार), बॅटरी बसवावी. शेवटी गाडी झोपल्यावरचा निर्दोष आकडा तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावा, आणि पुढे कोणतेही नवे उपकरण बसवून घेतल्यावर त्याच आठवड्यात तो पुन्हा मोजावा.